स्वतःच्याच पैशांवर दरोडा

तीन म्हातारी माणसं दरोडा घालायचं ठरवतात. दोन पुरुष, एक बाई. जन्मभर कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि लुटायचं काय, तर ज्या निधीतून त्यांना तुटपुंजी पेन्शन मिळते तो निधीच. १९६४ सालच्या ‘लोस दिनामितेरोस’ या स्पॅनिश चित्रपटाची गोष्ट एवढीच. सुरुंगवाले, असं आपण त्याला म्हणू. चित्रपट कृष्णधवल आहे, स्पेन आणि इटलीनं मिळून काढलेला आहे आणि दिग्दर्शक हुआन गार्सिया आतिएन्सा याचा हा एकुलता एक कथापट. पुढं हा माणूस लेखनात रमला. मला याचं वाईट वाटतं. म्हाताऱ्या माणसांकडं इतक्या सरळ नजरेनं पाहणाऱ्यानं आणखी चार चित्रपट करायला हवे होते.

तिघांच्या भूमिका करणारे नटही खरोखरच वयस्कर होते. केसांना पांढरा रंग फासून म्हातारपण आणलेलं नव्हतं. होसे इस्बेर्त पंचाहत्तरी ओलांडलेला, बुटका, घोगऱ्या आवाजाचा; दोनच वर्षांनी, १९६६ साली, तो गेला. कार्लो पिसाकाने हा इटालियन. ‘इ सोलिती इग्नोती’ या १९५८ च्या गाजलेल्या चित्रपटातल्या फसलेल्या चोरांच्या टोळीत तो होता. आणि सारा गार्सिया मेक्सिकोची. तिकडच्या चित्रपटांतली ती सगळ्या देशाची आज्जी. चॉकलेटच्या डब्यावर आजही तिचा चेहरा असतो. म्हातारीची भूमिका साजरी व्हावी म्हणून ऐन चाळिशीत तिनं आपले दात काढून घेतले होते, असं सांगतात.

इस्बेर्तचा याआधीचा ‘एल कोचेसितो’ हा १९६० चा चित्रपट मी अगोदर पाहिला होता. मार्को फेर्रेरीचं दिग्दर्शन, राफाएल आस्कोनाची लेखणी. त्यातला म्हातारा धडधाकट आहे, पण त्याच्या अपंग मित्रांकडं इंजिनवाल्या तीनचाकी गाड्या आहेत. ते सगळे मिळून फिरायला जातात आणि हा एकटा मागं राहतो. गाडीसाठी तो मेलेल्या बायकोचे दागिने विकतो. घरचे गाडी परत करायला लावतात, तेव्हा तो घरातल्या जेवणात विष कालवतो. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीतल्या सेन्सॉरला हे सोसलं नाही आणि शेवट बदलावा लागला. सोसण्यासारखं नव्हतंच ते. पण एक गोष्ट त्या चित्रपटानं फार खरी सांगितली: म्हाताऱ्या माणसालाही काहीतरी हवं असतं, आणि ते हवंपण विशीतल्या पोराइतकंच जिद्दीचं असतं. ‘सुरुंगवाल्यां’मध्ये तीच जिद्द आहे. फरक इतकाच, की इथं ती घरच्यांच्या अंगावर न जाता कचेरीच्या तिजोरीकडं वळते.

हा फरक मला मोठा वाटतो. आपल्याकडं म्हातारपणावर काय कमी लिहिलं गेलं? १९७० साली ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आलं. जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ आलं. हिंदीत ‘बागबान’ आला. यांतलं प्रत्येक पाहताना थिएटरात माणसं हुंदके देऊन रडली, मीही रडलो. पण या सगळ्यांत म्हाताऱ्यांचं दुःख घरात जन्मतं आणि घरातच संपतं. मुलगा कृतघ्न, सून उलट्या काळजाची, नाहीतर मुलगा परदेशी गेलेला. गुन्हेगार कोण, तर पोटचं पोर. ‘नटसम्राट’मधल्या आप्पासाहेब बेलवलकरांनी सगळं पोरांना वाटून टाकलं. वाटण्यासारखं त्यांच्याकडं होतं तरी. आमच्या तालुक्यातल्या म्हाताऱ्यांकडं वाटायला काही नाही. त्यांची पोरं कृतघ्नही नाहीत. ती गोव्यात हॉटेलात, बेळगावच्या फौंड्रीत नाहीतर पुण्याच्या कंपनीत कंत्राटावर राबतात आणि गणपतीला येताना आईबापासाठी जमेल ते आणतात. मग यांचं म्हातारपण इतकं ओढाताणीचं कशामुळं झालं? ‘सुरुंगवाले’ पाहिल्यावर हा प्रश्न मला नीट मांडता आला. घराकडं पाहून त्याचं उत्तर मिळत नाही. कुणाच्या पगारातून किती कापलं, ते कुठं ठेवलं आणि परत किती दिलं, तिथं ते उत्तर आहे.

चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढं, बेळगाव मात्र चाळीसच्या आसपास. एका अंगाला कर्नाटक, दुसऱ्या अंगाला घाट उतरला की दोडामार्ग आणि पुढं गोवा. पाऊस बदाबदा कोसळतो. भात, नाचणी, काजू, रताळी, आणि पाण्याच्या कडेला ऊस. माणसं कष्टाळू, पण जमिनीचे तुकडे लहान. म्हणून इथल्या, आजऱ्याच्या आणि गडहिंग्लजच्या कैक घरांतला एकतरी गडी मुंबईला गिरणीत असायचा. ताम्रपर्णीच्या काठानं गेलात तर अजूनही जुन्या घरांवर मुंबईच्या पैशांनी घातलेली मंगलोरी कौलं दिसतात. गावातली शाळा, देवळाचा मंडप, भजनाची पेटी या सगळ्यांत गिरणीचा पगार आहे.

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, परळच्या बाजूला एका गिरणीत साचेखात्यात होते. राहायला गावाची खोली. गिरणगावात अशा खोल्या गावोगावच्या मंडळांनी घेतलेल्या असत. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस माणसं. प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीवर सदरा अडकवायला एक खिळा, आणि झोपायला पाळीप्रमाणं जागा. रात्रपाळीचा माणूस सकाळी परतला की दिवसपाळीवाल्यानं नुकतीच गुंडाळलेली वळकटी सरकवून तिथंच आपली पसरायची. जेवण खानावळीत. गावाकडून कुणी आलं तर खोलीत त्याला जागा द्यायचीच, असा दंडक. मग दाटीवाटीनं निजायचं, नाहीतर चाळीच्या गॅलरीत नाहीतर फुटपाथवर पथारी टाकायची. तात्या एकोणीस-वीस वर्षांचे असताना तिथं गेले आणि पाय पूर्ण लांब करून झोपायला ते फक्त सुट्टीत गावी येत.

साचेखात्याचा एक परिणाम त्यांच्या अंगात राहिला. शेकडो माग एकदम धडधडत असताना तिथं बोललेलं ऐकू येत नसे. माणसं ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलत. वर्षानुवर्षं त्या आवाजात काढल्यावर तात्यांचे कान गेले, पण चेहरा वाचायची विद्या मुरली. आजही मी त्यांच्याशी पाठमोरा बोललो तर त्यांना काही कळत नाही. समोर बसून नुसते ओठ हलवले तरी सगळं समजतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाखांच्या घरात कामगार उभे राहिले. चंदगड, आजऱ्याकडची माणसं खोल्यांना कुलपं लावून गावी आली. संपाच्या काळात भात लावलं, भाऊबंदांच्या शेतात रोजगार केला, पेरणीपासून सुगीपर्यंत वाट पाहिली. संप रीतसर कधी मागंच घेतला गेला नाही. तो विरत गेला. तात्यांना दीडेक वर्षानं सरकारनं ताब्यात घेतलेल्या एका गिरणीत परत घेतलं आणि पुढं स्वेच्छानिवृत्तीचे कागद हातात पडेपर्यंत ते तिथं राहिले. आमच्या शेजारचे अण्णा मात्र परत गेलेच नाहीत. जाऊनही घेतलं नसतं, त्यांचं नाव संपाच्या कमिटीत होतं. आणि तिसरी, वरच्या गल्लीतली आज्जी. तिचा नवरा गिरणीच्या बाइंडिंग खात्यात होता. तो गेल्यावर तिनं काजूच्या कारखान्यात बिया फोडून दोन पोरींची लग्नं केली.

मी ‘सुरुंगवाले’ पाहिला तो या तिघांबरोबर. आषाढातली संध्याकाळ, बाहेर पाऊस, माजघरात लॅपटॉप. चित्रपट स्पॅनिश, खालच्या ओळी इंग्रजी, आणि मी एकेक वाक्य मराठीत सांगत होतो. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की तात्या माझं ऐकतच नाहीत. कान नव्हतेच, आणि गरजही नव्हती. पडद्यावरचे तिघं काहीतरी ठरवू लागले, तेव्हा मी सांगायच्या आधी तात्या अण्णांना म्हणाले, “हेंचं ठरलं गा. आता मागं हटत न्हाईत.” साचेखात्यातला माणूस स्पॅनिश ओठ वाचत नव्हता. तो निर्णय घेणाऱ्या माणसाचे खांदे वाचत होता.

इस्बेर्तचा आवाज आला की आज्जी दर वेळी पुढं सरकायची. तिच्या नवऱ्याचाही आवाज अखेरीला असाच बसला होता. कापसाची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की खोकला लागतो, दम लागतो. गिरणीत त्याला सोमवारचा ताप म्हणत, कारण सुट्टीनंतर कामावर आलं की तो त्रास जास्त व्हायचा. या आजाराला भरपाई मिळू शकते, हे तिला नवरा गेल्यावर पुष्कळ वर्षांनी कळलं.

मधेच वीज गेली. बॅटरीवर थोडा वेळ चाललं, मग पडदा काळा झाला. कंदील लावून चहा झाला तेव्हा मी म्हटलं, की पुढं ही माणसं चोरी करतात. अण्णा एकदम तडकले.

“चोरी कशी म्हणूलास? तेंचंच पैसं न्हवं ते?”

मी म्हटलं, तिजोरी तर कचेरीची आहे.

“तिजोरी कचेरीची. पैसं कुणाचं?”

आज्जी म्हणाली, “तरीबी रातचं जाऊन आणायचं म्हंजे वंगाळच. दिवसाढवळ्या मागून घ्यावं.”

“चाळीस वरसं दिवसाढवळ्याच मागूलोय की,” अण्णा म्हणाले आणि गप्प झाले.

चित्रपटाचा उरलेला भाग आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिला. शेवट मी इथं सांगणार नाही. ज्याला मिळेल त्यानं तो पाहावा. पण त्या कंदिलाच्या उजेडातल्या वादानं मला चित्रपटाचं मर्म दाखवलं. हे तिघं लुटारू असूनही पाहणारा त्यांच्या बाजूनं होतो, कारण पैसा कुणाचा हे त्याला मनातून ठाऊक असतं. २०१५ च्या ईस्टरला लंडनच्या हॅटन गार्डनमध्ये साठी-सत्तरीच्या चोरांनी भिंतीला भोक पाडून तिजोऱ्या फोडल्या, तेव्हा जगभर त्याचं कौतुक झालं. ते मला पटलं नव्हतं. ती मुरलेली चोर माणसं होती आणि माल दुसऱ्याचा होता. ‘सुरुंगवाल्यां’ची गोष्ट निराळी आहे. त्यांनी तो पैसा आधीच कमावलेला होता.

आता आमच्याकडचा हिशेब. १९९५ साली नोकरदारांसाठी जी पेन्शन योजना आली तिच्यात मालकानं भरायच्या भविष्य निर्वाह निधीतला पगाराच्या ८.३३ टक्के भाग जातो. पण पगार कितीही असला तरी मोजायचा तो ठरावीक मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा आधी ५,००० रुपये, मग ६,५००, आणि सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. पेन्शन काढायची तर मोजलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. म्हणजे या सूत्रानं ६,५०० वर मोजलेली २० वर्षं धरली तर महिना साधारण १,८५७ रुपये. त्यात महागाई भत्ता नाही. जी रक्कम पहिल्या महिन्याला ठरली तीच मरेपर्यंत. सप्टेंबर २०१४ मध्ये किमान पेन्शन १,००० रुपये केली, आणि मी हे लिहीपर्यंत ती तिथंच उभी आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१३ साली, राज्यसभेच्या याचिका समितीनं किमान ३,००० रुपये आणि वर महागाई भत्ता द्यावा असं सुचवलं होतं. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढं आपल्या राज्याचे राज्यपाल झाले. अहवाल आहे तसा आहे.

तात्यांना या योजनेतून हजारावर थोडे रुपये मिळतात. आज्जीला विधवा म्हणून किमान रक्कम. अण्णांच्या नोकरीची वर्षं या योजनेच्या आधीच संपली, म्हणून त्यांना यातलं काहीच नाही. ते श्रावणबाळ योजनेत आहेत. ६५ च्या पुढचं वय आणि वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत असेल त्याला ती मिळते. २०२३ साली तिची रक्कम हजाराची दीड हजार झाली. तिघांची गंमत ही, की ज्यानं सगळ्यांत कमी वर्षं भरली त्याला सगळ्यांत जास्त मिळतात. अण्णांना हे लागतं. “हे सरकारनं दिलंय, माझं न्हवं,” असं ते सांगतात. त्यांना दया नको आहे, स्वतःचं हवं आहे, आणि दोन्ही नोटा सारख्याच दिसत असल्या तरी ते त्यांत फरक करतात. मला तो फरक योग्य वाटतो.

आणि गिरण्यांची जमीन. मुंबईच्या मधोमध सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियमावलीत असं ठरलं, की गिरणीची जमीन विकायची तर तिचे तीन भाग करायचे: एक भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली. जिथं शेड उभ्या होत्या ती जागा हिशेबातून वगळली. गिरणी म्हटली की जमिनीचा बहुतेक भाग शेडखालीच. प्रकरण न्यायालयात गेलं आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बदललेला नियम कायम ठेवला. ना सुरुंग, ना रात्र, ना तोंडाला फडकं. एका कलमातला मजकूर बदलला आणि शेकडो एकरांचं गणित फिरलं. ‘सुरुंगवाल्यां’तल्या तिघांनी सगळं आयुष्य घालवलं असतं तरी एवढं नेता आलं नसतं.

कामगारांना घरं द्यायचं ठरलं ते चळवळीच्या रेट्यानं. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर जो पटावर होता तो, किंवा त्याचा वारस, पात्र. दीड लाखाहून जास्त अर्ज आले. २०१२ साली पहिली मोठी सोडत ६,९२५ घरांची. २०१६ मध्ये आणखी, मार्च २०२० मध्ये ३,८९४. मिळालेली घरं आणि आलेले अर्ज शेजारी ठेवले, तर उरलेल्यांना किती जन्म थांबावं लागेल ते कुणीही काढू शकतो. आता मुंबईबाहेर शेलू आणि वांगणीला ८१,००० घरं द्यायची योजना आहे. कामगारानं भरायचे सुमारे साडेनऊ लाख. महिन्याला हजार रुपये पेन्शन असलेल्यानं.

पण मला आकड्यांपेक्षा एक सकाळ जास्त आठवते. आज्जीची पेन्शन अचानक थांबली होती. हयातीचा दाखला दिला नव्हता. वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. आता ते अंगठ्याच्या ठशावर होतं. बाजारपेठेतल्या सेवा केंद्रात तिला घेऊन गेलो. तिनं अंगठा ठेवला. यंत्रानं नाकारला. तर्जनी, मधलं बोट, डावा हात, पुन्हा उजवा. चालवणारा पोरगा भला होता. त्यानं ओल्या फडक्यानं तिची बोटं पुसली, थोडं तेल लावलं, पुन्हा पुसली. ठसा उमटेना. मी तिचा हात पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होतो. काजूच्या टरफलात जो चीक असतो तो कातडी भाजतो. बिया फोडणाऱ्या बाया राख लावतात, तेल लावतात, तरी बोटांची सालपटं निघत राहतात. वीसेक वर्षं सालपटं निघून निघून तिची बोटं गुळगुळीत झाली होती. त्यांच्यावर एकही रेष धड नव्हती. जे काम करून तिनं संसार सावरला, त्यानंच तिची ओळख पुसली होती.

मग चेहऱ्यावरून प्रयत्न केला. पोरानं मोबाईल तिच्यासमोर धरला आणि म्हणाला, “आज्जी, डोळे मिचकावा.” तिला ते कळेना, परक्या पोरासमोर डोळे मिचकावणं तिला शोभेना. शेवटी मी समजावलं, की उघडझाप करायची फक्त. तिनं डोळे घट्ट मिटले आणि बराच वेळ तसेच ठेवले. यंत्र ते धरेना. तिला मोबाईलवर नातवाचा फोटो दाखवला, ती हसली, डोळे आपोआप लवले, आणि हिरवी खूण आली. “झालं?” तिनं विचारलं. झालं, मी म्हटलं. “म्हंजे मी हाय,” ती म्हणाली आणि पदर सावरून उठली. आजही मला त्या वाक्याचा राग येतो. तिच्यावर नव्हे, ज्या व्यवस्थेनं तिला हे विचारायला लावलं तिच्यावर.

असा राग नुसता उरात धरून ही म्हातारी माणसं मात्र बसलेली नाहीत. बुलढाण्यात २४ डिसेंबर २०१८ पासून पेन्शनर साखळी उपोषणाला बसले. कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखाली सत्तरी-पंचाहत्तरीची माणसं पाळीपाळीनं मंडपात बसत राहिली. मागणी किमान ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता. आणि ९ जुलै २०२५ ला गिरणी कामगार आझाद मैदानावर जमले. आमच्या भागातूनही माणसं गेली. तात्या गेले. तेव्हा लावणीचे दिवस होते, शेतात चिखल तयार होता, रोप काढून ठेवलेलं. ते दुसऱ्यांच्या हवाली करून निघाले.

आदल्या आठवड्यात त्यांनी आमच्या ओसरीवर त्याची आखणी केली, ती मी शेजारी बसून ऐकली. दरोडा घालणाऱ्यांनी काय केली असेल अशी बारकाईची. पंचाहत्तरी झालेल्यांना एसटी फुकट, म्हणून कोल्हापूरपर्यंत एसटीनंच जायचं. पुढं महालक्ष्मी एक्स्प्रेस. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, म्हणून पूर्ण तिकिटाची वर्गणी आधीच काढायची. ज्यांना रक्तदाब त्यांच्या गोळ्या दोघांच्या खिशात, एकाचा खिसा कापला गेला तरी दुसऱ्याकडं राहाव्यात. भाकरी-चटणी दोन वेळची. मूळ कागद घरी, झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी सदऱ्याच्या आत. स्टेशनाबाहेरच्या भुयारी रस्त्यात चुकामूक होते, म्हणून दोघादोघांच्या जोड्या. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याबरोबर ज्याला दिसत नाही तो. मुंबईचे रस्ते तात्यांना अजून पाठ आहेत, फक्त आता ते गिरण्यांच्या खुणांनी सांगत होते आणि त्यांतली एकही खूण उरलेली नाही, हे पोरांपैकी कुणीतरी हळूच दुरुस्त करत होतं.

मैदानातून परत आल्यावर तात्यांचा आवाज बसला होता आणि पायांना सूज होती. मी विचारलं, घर मिळालंच तर या वयात तिथं राहणार कोण? त्यावर तिघांची तीन मतं निघाली. तात्यांना घर मुंबईतच हवं, वांगणीला नको, कारण राबलो तिथं. नातू राहील, आणि तोवर गावाकडून कुणी औषधपाण्याला गेलं तर उतरायला जागा होईल. अण्णांना घराशी घेणंदेणं नाही, त्यांना मागच्या सगळ्या वर्षांचा हिशेब लेखी हवा आहे, मग रक्कम काहीही निघो. आज्जीचं म्हणणं, घर-बीर राहू दे, आधी वारसाच्या कागदावर नवऱ्याच्या नावातलं एक अक्षर चुकलंय ते दुरुस्त होऊ दे, नाहीतर मिळूनही मिळायचं नाही. यावर तासभर वाद झाला. शेवटी ठरलं ते असं, की पुढच्या वेळी तात्यांचे पाय बरे नसतील तर अण्णा जातील, आणि जो जाईल त्यानं तिघांच्याही कागदांच्या प्रती बरोबर न्यायच्या. आज्जीच्या दुरुस्तीचा अर्ज मी लिहून दिला आहे; तहसीलमध्ये तो घेऊन ती स्वतः जाणार आहे, अण्णांबरोबर, सकाळच्या एसटीनं.